मुळांभोवतीची रयत

सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारा जो व्यापारी मार्ग होता, त्यावर तांडे, वखारवाले, जवाहिरे आणि शाही कामगार यांची अखंड वर्दळ असे; आणि या प्रवाशांपैकी ज्या थोड्यांना लेखणी चालविण्याची हौस होती, त्यांच्या कृपेने आज ज्यास आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो त्या मुलुखातील शेतापिकांची हकीकत दरबारी कागदांपेक्षा अधिक रसाळ रूपात आपल्या हाती आली आहे. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१० च्या सुमारास येथून गेला, तेव्हा त्याच्या नजरेत नंदुरबारचा तलाव, कबरी आणि विलासगृहे भरली. पुढे आलेला फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये याचे लक्ष मात्र जमिनीकडे अधिक गेले. नवापूर हे त्याने विणकरांनी भरलेले मोठे गाव म्हणून नोंदविले, तथापि तेथील खरा व्यापार तांदळाचा असल्याचे त्याने लिहून ठेवले. तो तांदूळ नेहमीच्या तांदळाच्या निम्म्या आकाराचा, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र, कस्तुरीच्या सुवासाचा, आणि बड्या उमरावांच्या पंक्तीस जाणारा असे. त्याच काळात नंदुरबारची खरबुजे आणि द्राक्षे यांचाही लौकिक होता. अकबराच्या अमदानीत माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून ज्याची गणना झाली, त्या या ठाण्याची समृद्धी अशी रसनेच्या साक्षीने सिद्ध झालेली आहे.

नवापूरच्या तांदळाचे श्रेय ताव्हेर्नियेने तेथील नदीला दिले, आणि त्यात त्याचे काही चुकले असे नाही. परंतु नदी पाणी देते, गाळ देते, त्या गाळातील अन्न पिकाच्या मुळापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र एका निराळ्याच वर्गाकडे असते. हा वर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर आजवर कोणी पट्टी बसविली नाही, आणि त्याने कधी तगाई मागितली नाही; म्हणून इतिहासातही त्यास जागा मिळाली नाही. मुळांभोवतीचे जिवाणू, बुरशा आणि अन्य सूक्ष्म जीव ही ती अनाम रयत होय. या जिल्ह्यातील फळझाडांचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की, झाडे आली, गेली, बदलली. द्राक्षांचे मळे मोडले, अमेरिकेतून आलेली फळे स्थिरावली. पण खालची ही जुनी वस्ती येणाऱ्या प्रत्येक झाडाला आपल्यात सामावून घेत राहिली. तिच्याशी माणसाचे वागणे कसे बदलत गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्वानांच्या दप्तरात या वस्तीची नोंद फार उशिरा झाली. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक याने १८८५ साली झाडांची मुळे व बुरशी यांच्या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र पिकाला मिळते हे सिद्ध केले. आणि १९०४ मध्ये हिल्टनर याने मुळाच्या प्रभावाखाली असलेल्या मातीच्या पातळ वेष्टनाला स्वतंत्र अस्तित्व देऊन ‘ऱ्हायझोस्फिअर’ ही संज्ञा रूढ केली. या वेष्टनाच्या एका ग्रॅम मातीत जिवाणूंची संख्या शंभर कोटींपर्यंत जाऊ शकते. मूळ स्वतः शर्करा व आम्ले पाझरून त्यांना पोसते. त्याच्या बदल्यात कोणी नत्र बांधतो, कोणी अविद्राव्य स्फुरद विरघळवतो, कोणी रोगकारक बुरशीला पाय ठेवू देत नाही. आंबा, सीताफळ, पेरू, लिंबू, पपई, केळ यांच्या मुळांत जी बुरशी राहते, ती मुळाच्या पेशीत शिरून तेथे लहानशा झुडपाप्रमाणे शाखा फोडते, आणि तिचे दुसरे टोक मातीत दूरवर पसरलेले असते. स्फुरद हा मातीत जवळजवळ अचल असलेला पदार्थ असल्याने, मुळाच्या अगदी लगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा पट्टा लवकरच रिता होतो. त्या पट्ट्यापलीकडे मुळाचा हात पोहोचत नाही, बुरशीचा तंतू पोहोचतो. या चाकरीसाठी झाड आपल्या पानांत तयार झालेल्या अन्नाचा जो वाटा देते तो कधी कधी पाचव्या हिश्श्यापर्यंत जातो. हा करार चाळीस कोटी वर्षांचा जुना आहे. जमिनीवर वनस्पती नुकत्याच पाय रोवू लागल्या होत्या त्या काळच्या दगडांतही या बुरशीचे अवशेष सापडले आहेत.

सातपुड्यात हा करार का टिकला हे समजण्यासाठी तेथील जमीन पाहावी लागते. अक्राणी महाल, म्हणजे आजचा धडगावचा तालुका, आणि त्याला लागून असलेला मोलगी-काठीचा डोंगरी भाग हा सारा अग्निजन्य काळ्या पाषाणाचा आहे. वरची माती उथळ, तांबूस-तपकिरी, उताराने सतत खाली वाहणारी. तिच्याखाली मुरूम, आणि मुरुमाखाली कातळ. अशा जमिनीत स्फुरद नसते असे नाही, पण ते लोह आणि चुन्याशी असे जखडलेले असते की मुळाला ते सहजासहजी सुटत नाही. तरीही या उतारांवर गावठी आंब्याचे प्रचंड वृक्ष उभे आहेत. यांतील बहुतेक कोणी कलम करून लावलेले नाहीत. कोय पडली, रुजली, गुरांपासून वाचली, आणि ज्याच्या शेतात ती वाचली त्याच्या नातवंडांनी तिचे फळ खाल्ले. कोयीपासून वाढलेल्या झाडाचे सोटमूळ पहिल्या वर्षातच कातळाच्या फटी शोधू लागते, आणि वरच्या थरातील बारीक मुळ्या शेजारच्या जुन्या झाडांच्या बुरशीच्या जाळ्यात आपोआप गुंतल्या जातात. त्या आंब्यांखालून भिल्ल, पावरा आणि तडवी शेतकरी ज्वारी, मका, भगर, तूर पेरतात. मुळांच्या जाळ्यात पुरुषभर खोल खणण्याचा प्रसंग येत नाही, कारण नांगर हलका आणि जमीन उथळ असते. शेतीशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रकार अडाणीपणाच्या सदरात गेला. मला मात्र असे वाटते की ज्या जमिनीत सर्व भांडवल वरच्या वीतभर थरात आहे, तेथे तो थर न उलटणे यापेक्षा शहाणपणाचा व्यवहार दुसरा नव्हता.

या आंब्यांचा व्यापार फळाचा नाही, आमचुराचा आहे. चैत्र संपता संपता कैऱ्या उतरवतात. त्यांची साल काढून, फोडी करून त्या उन्हात वाळत घालतात, आणि दगडांची सपाट पृष्ठे, अंगणे, घरांची छपरे काही दिवस पांढरी होऊन जातात. फोड जितकी शुभ्र राहील तितका भाव अधिक. वळवाचा एक शिरवा अकस्मात येऊन गेला की फोडी काळवंडतात, आणि ज्या मालाला दोन पैसे मिळायचे तो कवडीमोलाने देण्याची पाळी येते. त्यामुळे आभाळात पश्चिमेकडे ढग दिसला की साऱ्या पाड्यात धावपळ उडते, पोरेसोरे टोपल्या घेऊन छपरावर चढतात. धडगाव आणि मोलगीच्या बाजारांत हा माल तोलला जातो आणि तेथून दूरच्या पेठांत मसाल्याच्या कारखान्यांकडे जातो. खत नाही, पाणी नाही, फवारणी नाही, अशा झाडाने वर्षानुवर्षे इतके आंबट द्यावे हे नुसत्या पावसाचे कर्तृत्व नसून त्यामागे खालच्या रयतेची वेठ आहे, आणि ती वेठ बिनमोल असल्यामुळे आमचुराच्या भावात तिचा कधीच हिशेब झालेला नाही.

तोरणमाळच्या पठाराभोवती सीताफळ रानात माजते. हे फळ अमेरिकेतले. पोर्तुगीजांच्या गलबतांनी ते या किनाऱ्यास आणले असे सामान्यतः मानले जाते. पपई, पेरू आणि नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लालभडक पसरलेली मिरचीसुद्धा त्याच खंडातून आलेली. परमुलखातून आलेल्या या पाहुण्यांना आपल्या मातृभूमीतील सूक्ष्म जीव बरोबर आणता आले असतील ते फार थोडे. बी आले, पण मूळ येथेच फुटले. असे असूनही ती झाडे येथे इतकी घरच्यासारखी झाली, याचे एक कारण हे की मुळांत राहणारी ही बुरशी सोवळी नाही. एकच जात आंब्याच्या मुळात, मोहाच्या मुळात आणि ज्वारीच्या मुळात राहू शकते, आणि नवागत सीताफळालाही ती तितक्याच तत्परतेने जवळ करते. पाइनसारख्या झाडांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची बुरशी निराळ्या घराण्याची असल्याने ती नसलेल्या मुलुखांत पाइनची रोपे खुरटली, आणि मायदेशची माती आणून टाकल्यावरच ती वाढू लागली, असा अनुभव अनेक देशांतील वनखात्यांना आला. सातपुड्यावर तसा प्रसंग आला नाही. वर परदेशी झाड आणि खाली देशी वस्ती असा हा संसार चारशे वर्षे निर्वेध चालला आहे.

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा १८०२ ते १८०४ च्या लुटालुटीने व दुष्काळाने हा प्रांत उजाड झालेला होता. सुलतानपूरसारखी एके काळची भरभराटीची ठाणी ओस पडली होती. नव्या सरकारने मोजणी आणि जमाबंदी यांचा जो पद्धतशीर उद्योग आरंभिला, त्यात मातीचा विचार झाला नाही असे म्हणता येणार नाही. उलट इतक्या बारकाईने पूर्वी कोणी माती पाहिली नव्हती. विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या पद्धतीत, जी १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली, जमिनीची प्रत तिच्या रंगावरून व खोलीवरून ठरत असे. पावणेदोन हात खोल, एकजिनसी, बारीक काळी जमीन म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल तसे आणे उतरत. चुनखडी, रेताडपणा, उतार, पाणी साचणे असे दोष आढळले की प्रत्येकास ठरावीक चिन्ह लावून प्रत आणखी खाली ओढीत. कारकून पहार घेऊन ठिकठिकाणी माती उकरी आणि खोली हातांनी मोजी. (या मोजणीविरुद्ध १८५२ साली पूर्वेकडे सावदा, रावेर, चोपडा या बाजूस रयतेने जो दंगा केला, त्याचे कारण मातीची परीक्षा नव्हे, तिच्यामागून येणारा आकार हे होते.) या परिमाणाने तापीकाठची शहादा-तळोद्याची काळी जमीन सोळा आण्यांच्या आसपास आली आणि अक्राणीचे आंब्याचे उतार दोन-चार आण्यांतही बसेनात. ज्या दोषांची चिन्हे त्या नकाशात होती ते सारे निर्जीव दोष होते. मुळांभोवतीच्या सूक्ष्म जीवांचा विचार त्या काळी युरोपातही रूढ झालेला नव्हता, तेव्हा विंगेटसाहेबास बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या आणेवारीने ठरवून दिलेली प्रतवारी पुढच्या शंभर वर्षांच्या बुद्धीत इतकी मुरली की डोंगराची जमीन हलकी आणि म्हणून मातीमोल, हे विधान सिद्धांतासारखे बोलले जाऊ लागले.

झाडांचेही तसेच झाले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने साग, शिसव आणि चंदन या झाडांवर सरकारचा विशेष हक्क राखला. जंगल कायद्याने १८७८ पासून वने राखीव होऊ लागली. मोहाच्या फुलांवर मुंबई सरकारने १८९२ साली स्वतंत्र कायदा केला, आणि त्यात प्रश्न दारूचा व अबकारीच्या उत्पन्नाचा होता. मोहाविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. फाल्गुनात फुले गळू लागण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवून देण्याचा रिवाज सातपुड्यात जुना आहे. जमीन स्वच्छ झाली म्हणजे पहाटे पडलेली फुले वेचणे बायकांना सोपे जाते. वनखात्याने या आगीला कायमच गुन्हा ठरविले, आणि आग आवाक्याबाहेर गेली की ती खरोखर गुन्हाच ठरते. पण खालच्या रयतेच्या दृष्टीने पाहता, सुक्या पानांची ती हलकी, क्षणभराची आग वरची बोट-दोन बोटे माती तापविते; खोल मुळ्यांतील बुरशीला आणि तिच्या बीजाणूंना तिचा उपद्रव बेताचाच होतो. पाचोळ्यातील नत्र मात्र उडून जाते, आणि कुजून बनणारा जो ह्यूमस तो कायमचा हुकतो. मागे पालाशयुक्त राख राहते, आणि तीही पहिल्या पावसात उताराने निघून जाते. म्हणजे हा व्यवहार निर्दोष नाही, आणि तो सर्वनाशकही नाही. आदिवासी रिवाज म्हटला की तो एकतर रानटी नाहीतर ऋषितुल्य, अशा दोनच पेट्या आपल्याकडे असतात. त्यांपैकी कोणत्याही पेटीत तो मावत नाही.

फळझाडांच्या मुळांकडे शास्त्रशुद्ध दृष्टीने पाहण्याचा या देशातील पहिला मोठा प्रयत्न बिहारात पुसा येथे झाला, आणि त्याची सांगता सातपुड्याच्या पलीकडच्या अंगास, इंदुरास झाली. आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल हे दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. पुशास त्यांनी आठ फळझाडे निवडली: आलुबुखार, पीच आणि सीताफळ ही पानगळीची, आंबा, पेरू, लिची, कागदी लिंबू आणि लोकाट ही सदाहरित. झाडांखाली काही ठिकाणी गवत वाढू दिले, काही ठिकाणी जमीन मोकळी ठेवली, आणि मग पाण्याच्या बारीक धारेने माती धुऊन काढून मुळे एकेक करून उघडी केली. जे दिसले ते विलक्षण होते. एकाच झाडाची वरची मुळे पावसाळ्यात काम करीत आणि खोल मुळे उन्हाळ्यात. जणू दोन पाळ्यांची चाकरी वाटून घेतलेली. गवताखालच्या झाडांची वरची मुळे घुसमटून मागे सरत, कारण गवताच्या मुळांनी सोडलेला कर्बवायू पावसाळ्यात जमिनीत कोंडून राही आणि हवा मिळेनाशी होई. चर खणून त्यात विटांचे तुकडे भरून हवेला वाट करून दिली की झाड पुन्हा सावरे. हे निष्कर्ष १९२५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. मुळाला पाणी आणि खत हवे हे सर्वांना ठाऊक होते. त्याला श्वास हवा, आणि त्याच्या सोबत्यांनाही हवा, हे हॉवर्ड दांपत्याने दाखवून दिले. आपल्याकडचा शेतकरी ज्या स्थितीला वाफसा म्हणतो, तिचे शास्त्रीय मर्म याहून वेगळे नाही.

पुसा संस्थेच्या जिवाणुशास्त्र शाखेत याच काळात एक मराठी नाव आढळते. एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली द्विदल वनस्पतींच्या मुळांच्या गाठींतील जिवाणूंवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो भारतातील या विषयाचा आरंभ मानला जातो. दुसरे मराठी नाव अधिक विस्मृतीत गेले आहे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इंदुरास वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली, तीत हॉवर्ड यांचे रसायनशास्त्रातील प्रमुख सहकारी यशवंत वाड होते. शेतातील काडीकचरा, गोठ्यातील शेण, गुरांचे मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचून, ओलावा आणि हवा राखून, ठरावीक दिवसांनी तीनदा उलटवून तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत करण्याची जी ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, ती या संस्थेत सिद्ध झाली. आणि १९३१ साली ऑक्सफर्डने छापलेल्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने वाड यांचे नाव आहे. पुढे हॉवर्ड हे सेंद्रिय शेतीचे जगन्मान्य आचार्य झाले, १९४० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मायकोरायझाचा महिमा गायिला. वाड मात्र ग्रंथसूचीच्या एका ओळीत उरले. खड्ड्याचे उष्णतामान, नत्राचे मोजमाप, कर्बाचे प्रमाण यांचे पृथक्करण ज्याने केले त्याच्या वाट्याला इतके कमी यावे, ही गोष्ट मला क्लेशकारक वाटते. हॉवर्ड यांच्या उत्साहातही एक दोष होता हे सांगितले पाहिजे: मुळे ही बुरशी पचवून तिच्यातील प्रथिने खातात, अशी त्यांची समजूत होती. आज तसे कोणी मानीत नाही. देवाणघेवाण जिवंत पेशीच्या पडद्यातून चालते, त्यात कोणी कोणाला खात नाही. मायकोरायझाचा फळझाडाला प्रत्यक्ष लाभ होतो हे नियंत्रित प्रयोगाने दाखविण्याचे काम पुढे इंग्लंडात ईस्ट मॉलिंग येथे बार्बरा मॉस यांनी सफरचंदाच्या रोपांवर १९५० नंतरच्या दशकात केले.

इंदूरचे ज्ञान सातपुडा ओलांडून खानदेशात आले ते कंपोस्टच्या खड्ड्याच्या रूपाने. मुळांचा भाग वाटेतच राहिला. तापीकाठची सोळा आणे जमीन आधी कापसाकडे, मग ऊस-केळीकडे, आणि अलीकडे शहादा तालुक्यात पपईकडे वळली. ही काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून हवेचे सारे मार्ग बुजवून टाकते. पपईचे मूळ मांसल आणि हवेच्या बाबतीत अत्यंत हट्टी. दोन दिवस पाणी तुंबले की बुंधा सडतो, आणि सडविणारी बुरशी पाण्यातच पोहत येते. म्हणून आता गादीवाफे, ठिबक आणि मल्चिंगचा कागद असा सरंजाम लागतो. केळीत मर रोगाची बुरशी एकदा शिरली म्हणजे वर्षानुवर्षे जमिनीत दबून राहते. रयत जेव्हा बलवान असते तेव्हा असे दरोडेखोर फार पसरत नाहीत. पण एकाच पिकाची पुनरावृत्ती, वारंवारची खोल नांगरट आणि विद्राव्य स्फुरदाचा मुक्त हस्ताने केलेला पुरवठा यांनी ती दुर्बळ होते. स्फुरद आयते मिळाले की झाड बुरशीला देण्याचा वाटा आखडते. ज्याला बाजारातून पोते आणून मिळते तो घरच्या कुळाला कशाला पोसील, हा हिशेब झाडालाही कळतो.

महाराष्ट्रातील फळबागाईतदारांत मुळाची भाषा पुन्हा रुजविण्याचे श्रेय श्रीपाद अच्युत दाभोळकरांना दिले पाहिजे. कोल्हापूरच्या या गणिताच्या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि द्राक्ष बागाईतदारांना पांढरी मुळी पाहायला शिकविले. आज नाशिक-सांगलीपासून शहाद्यापर्यंत कोणत्याही बागेत गेल्यास, ‘मुळी चालू आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. आणि मालक बोटांनी माती बाजूला सारून, पांढऱ्या दोऱ्यांसारखी नवी मुळी दाखविताना जसा खुलतो तसा तो फळ दाखवितानाही खुलत नाही. कोल्हापूरच्याच मोहन देशपांडे यांनी ‘ऋषिकृषी’ म्हणून जी पद्धत सांगितली, तीत एकरी पंधरा किलो वडाखालची माती शेतात टाकावयाची असते आणि तिला अंगारा म्हणतात. सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांबरोबर बांधावरची मूठभर माती असतेच. या पद्धतींभोवती जमलेले सर्व दावे स्वीकारण्याची आवश्यकता नाही. परंतु त्या मूठभर मातीत हिल्टनरचे वेष्टन आणि फ्रांकची बुरशी दोन्ही असतात, आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू, ट्रायकोडर्मा, मायकोरायझा अशा नावांनी जी पाकिटे मांडलेली असतात, त्यांत दुसरे काय असते?

डोंगरातील रयतेवर खरा घाला पडला तो नर्मदेच्या बाजूने. सरदार सरोवराच्या बुडिताखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गावे आली. मणिबेली हे त्यांतील पहिले. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली जमिनीला जमीन, किमान दोन हेक्टर, असा निवाडा दिला, आणि ती जमीन देण्यासाठी तळोद्याच्या वनातील ४,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र मोकळे करण्यात आले. लोक डोंगर उतरून आले. घराचे लाकूड आणि कौले त्यांनी बरोबर आणली, गुरे आणली, देव आणले. आंबा व मोह मागे राहिले. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात ज्या झाडांची नोंद झाली ती ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांची. वहिवाटीच्या, पण कागदावर वनखात्याच्या असलेल्या जमिनीतील झाडांचा मालक कोण, हा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. इकडे सागाच्या जंगलातली माती पहिल्यांदाच नांगराखाली आली. नदीकाठी एक रयत बुडाली, तळोद्यात दुसरी उखडली गेली, आणि या दोन्ही गोष्टी एकाच निवाड्याच्या अंमलबजावणीत घडल्या.

१९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना सातपुड्यातही आली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नवा जिल्हा तिच्यासाठी अनुकूल मानला गेला. योजनेप्रमाणे आंब्याच्या कलमासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणावा, त्यात चांगली माती, शेणखत, एक-दीड किलो सुपर फॉस्फेट आणि वाळवीसाठी भुकटी टाकावी, अशी शिफारस असते. धडगावच्या उतारावर हा खड्डा निम्म्यावर मुरुमाला लागतो; वरची वीतभर जिवंत माती उताराने खाली टाकली जाते आणि भरताना खड्ड्यात जातो तो खालचा निर्जीव मुरूम. रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीतून आलेले कलम अशा जागी पहिल्या दोन उन्हाळ्यांत मान टाकते, मग त्याचा दोष पाण्यावर जातो. उतारावर काम करणाऱ्यांना करण्याजोगी गोष्ट अगदी साधी आहे: वरची माती वेगळ्या ढिगात राखून ती मुळांपाशी परत घालावी, स्फुरदाची मात्रा निम्म्याहून कमी करावी, आणि जवळच्या एखाद्या निरोगी जुन्या गावठी आंब्याच्या सावलीतून, पाचोळ्याखालची, बारीक मुळ्यांसह घमेलेभर माती प्रत्येक खड्ड्यात टाकावी. झाड मात्र निरोगी निवडले पाहिजे. मर लागलेल्या किंवा बुंध्यातून डिंक गळणाऱ्या आंब्याखालची माती आणल्यास तिच्याबरोबर रोगही नव्या बागेत येतो.